खायची फुलं बियांपासून : अंबाडी, गोकर्ण, नॅस्टर्शियम... कोणी लावलीयेत का?

पाचवामजला | ९ जून, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात टाकायचा की पाककृतीत ते कळेना, शेवटी इथे टाकतेय, ॲडमिन, हलवा हवा तर.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात आतेसासूबाई अकोल्याहून आल्या आणि येताना काडेपेटीतून बिया घेऊन आल्या. अगदी खरीखुरी काडेपेटी, वर रबर लावलेला, आत लाल अंबाडी. त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासून दरवर्षी तेच बी काढून ठेवतात म्हणे, आणि त्या स्वतः आता पंच्याहत्तरच्या आहेत म्हणजे हिशेब करा. फुलं दिसायला सुंदर, पिवळट पाकळी मध्ये गडद मरून डोळा, आणि नंतर जी लाल बोंडं येतात त्याचं सरबत, चटणी, सगळं. त्यावरून डोक्यात आलं की बाल्कनीत फक्त शोभेची झाडं लावण्यापेक्षा दिसायलाही छान आणि खायलाही येतील अशी जुन्या वाणाची फुलं लावावीत, तीही बियांपासून, रोपं विकत न आणता.

सोसायटीत बियांची अदलाबदल झाली होती त्यात नॅस्टर्शियमच्या सात बिया मिळाल्यात, कागदावर 'एम्प्रेस ऑफ इंडिया' असं लिहिलंय. गोकर्णाच्या शेंगा कोपऱ्यावरच्या देवळाच्या कुंपणावरून आणल्या (पुजाऱ्यांना विचारून). पुणे, पाचवा मजला, पूर्वेची बाल्कनी, ऊन साडेअकरापर्यंत. सगळं एकदमच पेरू का आता? पाऊस येतोच आहे.

वऱ्हाडीठेचा | ९ जून, रात्री ११:१५

अकोल्याची अंबाडी पुण्यात पोचली, आता आमचं काय राहिलं! ताई अंबाडी आत्ताच पेरा, मृग लागला की आमच्याकडे तुरीच्या नाही तर कपाशीच्या कडेनं टाकून देतात, कोणी वेगळी कुंडी-बिंडी देत नाही तिला. तुम्ही पंधरा इंची ग्रो बॅग घ्या, तीन-चार बिया टाका, आठवड्याभरात उगवतात, एक दणकट ठेवा बाकीची उपटून भाजीत घाला. झाड फूट-दीड फूट झालं की शेंडा खुडायचा, नाही तर एकच दांडा वर जातो बांबूसारखा अन् बोंडं मोजून दहा. खुडलेला शेंडा पण भाजीतच. काहीच वाया जात नाही हिचं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी... जाऊ द्या, रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत.

बॉटनीबाई | १० जून, सकाळी ६:५०

अंबाडी आणि गोकर्ण आत्ता पेरा. नॅस्टर्शियम मुळीच नको! ते थंडीचं आहे, मूळचं पेरूकडच्या डोंगरातलं. पुण्यात ऑक्टोबरच्या मध्यावर लावायचं, मार्चअखेर खेळ खलास.

गोकर्णाचं बी फार टणक असतं, नुसतं पेरलं तर महिना महिना ढिम्म. लाकडाला घासतात तो पॉलिश पेपर घ्या, प्रत्येक बी एका बाजूने चार-पाच वेळा घासा, आतला फिकट रंग दिसला की बास. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी जी फुगली ती पेरा, जी तशीच राहिली ती परत घासा.

उगाचशंका | १० जून, सकाळी ९:३०

एक बाळबोध प्रश्न. फुलं खायची हे फॅड कधीपासून सुरू झालं? परवा एका कॅफेत साडेतीनशे रुपयांच्या सॅलडवर दोन पाकळ्या टाकून दिल्या होत्या, त्या मी बाजूला काढून ठेवल्या.

दापोलीचामाणूस | १० जून, सकाळी ११:०५

@उगाचशंका फॅड कसलं हो, आमची आजी हादग्याच्या फुलांची भाजी करायची, शेवग्याच्या फुलांची करायची, पावसाच्या तोंडाला कुड्याच्या फुलांची करायची, भोपळ्याच्या फुलांची भजी तर तुम्हीपण खाल्ली असणार. फक्त तिला कोणी त्याचे साडेतीनशे दिले नाहीत.

हादगा बियांपासून सगळ्यात सोपा. आठवड्यात कोंब, वर्षात पुरुषभर उंच. पण लाकूड अगदी ठिसूळ, वारा आला की कडकन् मोडतो म्हणून पाचव्या मजल्यावर नका लावू, खालच्या पार्किंगमधल्या गाडीवर पडेल. खाली मोकळी जागा असेल तर जरूर लावा. पांढरी फुलं घ्यायची, मधला केसर आणि देठाकडचा हिरवा भाग काढून टाकायचा, तो कडू. मग कांदा, हिरवी मिरची, भरपूर ओलं खोबरं. झाकण ठेवलं की फूल बसतं, टोपलीभर फुलांची वाटीभर भाजी होते, त्यामुळे पाहुणे येणार असतील त्या दिवशी करू नये.

आणि गंमत म्हणजे ऐन हस्त नक्षत्रात मुलींचा हादगा-भोंडला चालू असतो तेव्हाच हे झाड फुलायला लागतं. नाव उगाच नाही.

निशाएनजे | १० जून, संध्याकाळी ७:४०

न्यूजर्सीहून. अंबाडी बघून धावत आले. मी तीन वर्षं लावतेय, इथे आंध्रवाल्या मैत्रिणीकडून बी मिळालं, त्यांची गोंगुरा पण जवळची. पाला इतका येतो की शेजाऱ्यांना वाटते, पण बोंड? एकही नाही. ऑक्टोबरमध्ये कुठे कळी दिसायला लागते आणि पहिल्या फ्रॉस्टला झाड काळं पडतं. तीन वर्षं हेच. खत बदललं, कुंडी बदलली. काय चुकतंय?

बॉटनीबाई | १० जून, रात्री ८:२०

@निशाएनजे तुमचं काही चुकत नाहीये, अक्षांश चुकतोय. अंबाडी लहान दिवसाचं झाड आहे, म्हणजे रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय तिला फुलायचं सुचतच नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा, रात्र मोठी होईपर्यंत थंडी दारात. कुंडीत असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी सहाला अंधाऱ्या जागी ठेवा, सकाळी आठला बाहेर काढा. चौदा तास गडद अंधार, मध्ये दिवा लावून डोकवायचं नाही. कळ्या दिसेपर्यंत नेमाने. करून बघा.

निशाएनजे | १० जून, रात्री ८:३१

गराजमध्ये ठेवते. नवरा म्हणतोय झाडाला पण आता झोपेची वेळ लावलीस.

उगाचशंका | ११ जून, सकाळी १०:१२

बरं, माघार. पण दसऱ्याचा झेंडू खातात का? घरी पोतंभर असतो.

खलबत्ता | ११ जून, दुपारी १:३०

कृपा करून नको! बाजारातली, हारवाल्याकडची, बुकेतली कुठलीच फुलं खाऊ नयेत, ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर काय काय फवारलंय ते कोणी सांगत नाही. झेंडूच्या पाकळ्या खाता येतात, पण घरी लावलेल्या, बिनफवारणीच्या, आणि देठाकडचा पांढरा भाग काढून.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या सोसायटीत एकीने वाढदिवसाच्या केकवर सजावट म्हणून सदाफुली लावली होती, गुलाबी-पांढरी, दिसत होता अप्रतिम. सदाफुली विषारी आहे. मी शेवटच्या क्षणी बघितलं आणि सगळ्यांसमोर केकवरची फुलं उपटली, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. कण्हेर, बिट्टी, धोतरा, कळलावी, घाणेरी ही पण नकोतच. आणि मटारचं फूल चालतं पण स्वीट पी म्हणून शोभेची जी वेल येते ती नाही चालत, दोन्हीची फुलं सारखी दिसतात, नावही सारखं. पूर्ण खात्रीने ओळखता येत नसेल तर फूल फक्त बघावं. पहिल्यांदा खाताना एखादंच खा, परागांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर जास्तच जपून. गोकर्णाचं फक्त फूल घ्यायचं, बी आणि मूळ जुलाबाचं आहे, आणि गरोदर बायकांनी तो चहा टाळलेला बरा.

पाचवामजला | २ ऑगस्ट, रात्री ९:५५

अपडेट. अंबाडी तीन फूट, शेंडा खुडला, आठ फांद्या फुटल्या. गोकर्ण : दहा बिया घासल्या, सात फुगल्या, सहा उगवल्या. देवळातल्या अजून दहा बिया मुद्दाम न घासता पेरल्या होत्या, त्यातलं आत्तापर्यंत एकच आलंय. पॉलिश पेपर झिंदाबाद.

आता कबुलीजबाब. बाई, मी तुमचं ऐकलं नाही. सातपैकी तीन नॅस्टर्शियम जूनमध्येच पेरल्या, म्हटलं बघू तर. उगवल्या पण झकास, नाण्यासारखी गोल गोल पानं, त्यावर पावसाचा थेंब पाऱ्यासारखा पळायचा, मी व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवले. आठ दिवस सलग पाऊस लागला आणि तिन्ही रोपं बुडाशी मऊ होऊन आडवी. चारच बिया उरल्यात.

बॉटनीबाई | ३ ऑगस्ट, सकाळी ६:४५

माझे विद्यार्थीही ऐकायचे नाहीत. चार पुरतात. कोरड्या बरणीत ठेवा, १५ ऑक्टोबरपर्यंत झाकण उघडू नका.

वऱ्हाडीठेचा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

बिया राखेत ठेवा. आमची माय मडक्यात राख अन् कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची.

दापोलीचामाणूस | ३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

त्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची मला मौज वाटली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब १८७६ साली मिळाला, १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत त्याचा थाटाचा दरबार भरला आणि त्याच वेळी आपल्या दख्खनमध्ये दुष्काळात माणसं मरत होती. पुढे राणीच्या किताबाचं नाव तिकडे एका लाल फुलाला दिलं. पान काळपट हिरवं, फूल गडद शेंदरी-लाल, हे वाण तेव्हापासून तसंच चालत आलंय. खायला मिळालं तर मी कचाकचा चावून खाईन.

उगाचशंका | ३ ऑगस्ट, दुपारी ४:००

हेअरलूम हेअरलूम म्हणतात ते म्हणजे नक्की काय? जुनं म्हणजे किती जुनं?

बॉटनीबाई | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

त्याला एकच व्याख्या नाही, कोणी पन्नास वर्षं म्हणतं, कोणी दुसऱ्या महायुद्धाआधीचं. माझ्या दृष्टीने वयापेक्षा महत्त्वाचं हे की ते सरळ वाण असावं, संकरित नव्हे. म्हणजे बी धरलं आणि पुढच्या वर्षी पेरलं तर आईसारखंच लेकरू यायला हवं. दसऱ्याच्या बाजारातल्या टपोऱ्या झेंडूचं बी धरून बघा, एक बुटकं येईल, एक उंच, एकाचं फूल एकेरी. कारण ते संकरित असतं. आपल्याकडे याला गावरान किंवा घरचं बी म्हणतात. राहीबाई पोपेरे यांनी हेच काम केलं, गावरान वाणांची बँकच उभी केली, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. त्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, नगर जिल्हा. अकोला नव्हे, अकोले. (@वऱ्हाडीठेचा, तुम्ही लगेच हक्क सांगाल म्हणून आधीच लिहिलं.)

अंबाडीचा परागसंयोग बहुतेक आपल्याच फुलात होतो त्यामुळे वाण टिकवायला त्रास नाही. गोकर्णाचंही तसंच. नॅस्टर्शियमवर मात्र मधमाश्या फिरतात, शेजारी दुसऱ्या रंगाचं लावलंत की पुढच्या वर्षी राणीसाहेब पिवळ्या पडू शकतात.

पाचवामजला | २८ सप्टेंबर, सकाळी ८:३०

गोकर्ण फुललं! पहिल्या दिवशी दोन, आता रोज पंधरा-वीस. देठाकडचा हिरवा भाग काढून सहा फुलं गरम पाण्यात टाकली, पाच मिनिटांत पाणी शाईच्या दौतीसारखं निळं आणि फुलं पांढरट. चवीला खरं सांगायचं तर काही नाही, उकडलेल्या शेंगेच्या पाण्यासारखं. पण लिंबू पिळलं आणि पोरं किंचाळली, निळ्याचं क्षणात जांभळं! आता घरात लिंबू शिल्लक राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात भात शिजवला, सासऱ्यांनी ताट बघून विचारलं, आज शाई सांडली का.

निशाएनजे | २८ सप्टेंबर, रात्री ८:०५

इथे याच चहाचं छोटं पाकीट घेताना मी किंमत बघून परत ठेवते. खाद्य रंग म्हणून या फुलाच्या अर्काला इथल्या एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली. आणि आपल्याकडे ते कुंपणावर.

माझी खबर : ५ ऑगस्टपासून कुंडी रोज संध्याकाळी गराजमध्ये. शेजारच्या आजी विचारत होत्या झाड आजारी आहे का. तर मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या! आज सकाळी पहिलं फूल. मी ऑफिसचा कॉल म्यूट करून त्याच्यासमोर उभी होते, दुपारपर्यंत मिटलंही.

पाचवामजला | २६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

निशाताई तुमचं अभिनंदन, पण माझी अंबाडी रुसलीये. पाच फूट झाड, पानं तजेलदार, थोडे पिठ्या ढेकूण आले होते ते साबणाच्या पाण्याने पुसले. पण कळी नाही! अकोल्याला फोन केला तर त्यांच्याकडे बोंडं धरलीसुद्धा. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे एक फांदी कठड्याबाहेर लटकलीये, फक्त तिला कळ्या आल्यात. बाकी सात फांद्या नुसत्या हिरव्या. असं कसं? एकच झाड आहे ना?

वऱ्हाडीठेचा | २६ ऑक्टोबर, रात्री १०:४१

ती फांदी अकोल्याच्या दिशेला असेल.

बॉटनीबाई | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

बाल्कनीत रात्री दिवा असतो का?

पाचवामजला | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

असतो... सासरे रात्री तिथे बसून पेपर वाचतात, ट्यूबलाइट साडेअकरा-बारापर्यंत चालू. झाडाच्या बरोब्बर वर आहे. अरे देवा.

बॉटनीबाई | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:२२

मिळालं उत्तर. झाडाला वाटतंय अजून जून चालू आहे. बाहेरच्या फांदीच्या पानांवर कठड्याची सावली पडते, तिला रात्र कळली. दिवा हलवा नाही तर सासऱ्यांना हलवा.

पाचवामजला | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सासरे हॉलमध्ये हलले (कुरकुर करत, "झाडासाठी माणसाने अंधारात बसायचं")! तीन आठवडे पूर्ण काळोख. आज मोजल्या, सातही फांद्यांवर मिळून पन्नासच्या वर कळ्या. आणि सासरे आता रोज संध्याकाळी सातला स्वतः जाऊन खात्री करतात की कोणी दिवा लावला नाही ना.

नॅस्टर्शियम चारही उगवली. पण पान पान आणि पानच.

दापोलीचामाणूस | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४५

गांडूळखत घातलंत ना? खरं सांगा.

पाचवामजला | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४८

दोन मुठी. प्रत्येकी.

दापोलीचामाणूस | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

लाड केलेत. त्याला भिकार माती लागते, पोट भरलं की ते फुलत नाही. खत बंद, पाणी कमी. तोवर पानं खा, तीही खातात, हळीव आणि मुळ्याच्या मधली चव. काकडीच्या कोशिंबिरीत बारीक चिरून घाला.

निशाएनजे | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

माझी फायनल मोजणी : अकरा बोंडं. फ्रॉस्टच्या आदल्या रात्री कुंडी घरात घेतली. आठाची चटणी झाली, तीन बियांसाठी ठेवलीत. तीन वर्षं आणि अकरा बोंडं, पण चटणी वाटीत उरली नाही.

उगाचशंका | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

चटणीची कृती टाका. (हो, मीच विचारतोय.)

वऱ्हाडीठेचा | १९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

बोंडाच्या लाल पाकळ्या सोलून घ्या, आतली हिरवी गाठ बाजूला काढा, तिला बारीक कुसं असतात, हाताला टोचतात. तेलात लाल मिरच्या, लसूण, जिरं परतायचं, मग पाकळ्या टाकून मऊ होऊ द्यायच्या, मीठ, खडाभर गूळ, अन् खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरमध्ये केली तर मले सांगू नका. बी धरायचं असेल तर बोंड झाडावरच तपकिरी वाळू द्या, ते सरबतात टाकू नका.

बॉटनीबाई | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

त्या पाकळ्या नाहीत, निदलपुंज आहे, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण. पाकळ्या केव्हाच गळाल्या. तुम्ही सगळे फूल खातोय म्हणता आणि खाताय फुलाचं नेसूचं.

पाचवामजला | १२ जानेवारी, रात्री १०:०२

शेवटची खबर. फूल गळाल्यावर आठ-दहा दिवसांनी बोंडं कोवळी असताना काढली, दोन बाटल्या सरबत आणि एक वाटी चटणी (खलबत्त्यात). सहा बोंडं वाळवली. काल फोडली, एकशे चाळीस बिया निघाल्या, सासऱ्यांनी मोजल्या, दोनदा. एम्प्रेसला शेवटी नऊ फुलं आली, पहिलं मीच खाल्लं, आधी देठाशी मधासारखं गोड आणि मग नाकात जाणारा तिखटपणा, मोहरी फेसल्यासारखा. दापोलीकर, तुमच्या वाटचं एक कचाकचा चावून खाल्लं. बाकीची झाडावरच ठेवलीत, बी धरायचंय.

अंबाडीचं बी कोणाला हवं असेल तर खाली लिहा, वीस वीस पाठवते.

उगाचशंका | १२ जानेवारी, रात्री १०:०९

मला. बाल्कनी उत्तरेची आहे, चालेल का?

वऱ्हाडीठेचा | १२ जानेवारी, रात्री १०:१४

ऊन लागते भाऊ तिला. गच्चीवर ठेवा. अन् ताई, बी काडेपेटीतच पाठवा, तसंच आलं होतं ना.

पाचवामजला | १२ जानेवारी, रात्री १०:३०

तेच तर. आत्तापर्यंत सहा जणांनी मागितलंय आणि घरात काडेपेटी एकच, ती पण अकोल्याची. आमच्याकडे सगळं लायटरवर. देवघरातली आहे पण तिच्यात अजून अर्ध्या काड्या शिल्लक आहेत.